दात आले म्हणून दूध तोडायचं का?

पुण्याजवळ राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश तिच्याच शब्दांत देते.

"ताई, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. खालचे दोन दात आलेत, वरचे टोकं दाखवायला लागलेत. २६ आठवड्यांची रजा संपल्यावर मी कामावर रुजू झाले. दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो आणि मी काढून ठेवलेलं दूध बाटलीने घेतो. साडेसहाला मी घरी येते तेव्हा त्याचं सहाचं दूध नुकतंच झालेलं असतं. पण माझी छाती भरून ठणकत असते, म्हणून हातपाय धुतले की लगेच त्याला पदराखाली घेते. आणि नेमका तेव्हाच तो चावतो. पहाटे आणि रात्री छान पितो, एकदाच काय तो झोपेत चावला होता. गेल्या आठवड्यात मात्र इतक्या जोरात चावला की रक्त आलं आणि माझ्या हातून त्याच्या गालावर चापट बसली. तो रडला, त्याच्याहून जास्त मी रडले. आता त्याला घेताना माझा जीव धडधडतो. सासूबाई म्हणतात, दात आले म्हणजे दूध तोडायची वेळ झाली, कडुनिंब लाव. हिरड्यांना मधातून टाकणखार (बोरॅक्स) चोळायचंही त्यांच्या मनात आहे. आई फोनवर म्हणते, सहन कर, आम्हीही केलंय. नवरा म्हणतो, एवढा त्रास असेल तर सरळ पावडरच्या दुधाचा डबा आणू. मला वाटतं, माझं दूध त्याला पुरत नाही, किंवा मी दिवसभर सोडून जाते याचा तो राग काढतो. मला पाजणं बंद करायचं नाही. पण भीती वाटते. मी काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या चापटीबद्दल बोलते. तुझ्या पत्रात ती एकाच वाक्यात आली आहे, पण पुढचं सगळं पत्र तिच्याच दडपणाखाली लिहिलेलं आहे. स्तनाग्र हा शरीराचा अतिशय नाजूक भाग. तिथे अचानक दात रुतले की विचार करायच्या आत हात उठतो. त्या एका क्षणावरून तू कशी आई आहेस हे ठरत नाही. तुझ्या बाळाच्या मनात तो क्षण तुझ्याइतका खोल रुतून बसलेलाही नाही, कारण त्यानंतरही पहाटे आणि रात्री तो तुझ्याजवळ छान पितो असं तूच लिहिलं आहेस. एक मात्र नक्की सांगते, चापट हा उपाय म्हणून कधीही वापरायचा नाही. काही घरांत 'एकदा दे चापट, पुन्हा नाही चावणार' असा सल्ला मिळतो. आठ महिन्यांच्या बाळाला चापटीचा आणि चावण्याचा संबंध लागत नाही. जिथे सुरक्षित वाटतं तिथेच काहीतरी भयंकर झालं, एवढंच त्याला कळतं.

आता रागाबद्दल. तो राग काढतोय हे तू गृहीत धरलं आहेस. पण या वयात दुसऱ्याला दुखवायचं ठरवून दुखवण्याइतकी समज मुलाला आलेलीच नसते. तो तुझी हनुवटी चावत असेल, मंगळसूत्र चावत असेल, पांघरुणाचं टोक चावत असेल. तो त्या सगळ्यांवर रागावलेला नाही. हिरड्या शिवशिवतात, तोंडात येईल ते दाबलं की बरं वाटतं, आणि त्यातली एक वस्तू तुझ्या शरीराचा भाग आहे हे त्याला अजून उमगलेलं नाही. तू कामाला जातेस याची शिक्षा तो तुला देत नाहीये. ती शिक्षा तू स्वतःला देते आहेस, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

दूध पुरत नाही ही शंका तुझ्याच पत्राने खोडली आहे. संध्याकाळपर्यंत छाती भरून ठणकते म्हणजे दूध येतंय. खात्री हवीच असेल तर लसीकरणाच्या कार्डावर वजन बघ आणि दिवसातून सहा-सात वेळा तरी लघवी होते ना ते बघ. दोन्ही ठीक असेल तर हा विषय मनातून काढून टाक.

मग चावतो का? याचं उत्तर मिळण्यासाठी बाळ दूध कसं पितं ते नीट समजून घ्यायला हवं. नीट पीत असताना बाळाची जीभ पुढे येते, खालच्या हिरडीवर आणि दातांवर पसरते आणि स्तनाला खालून खोलगट आधार देते. स्तनाग्र तोंडात खूप आत, मऊ टाळूपाशी असतं. अशा वेळी खालचे दात स्तनाला लागूच शकत नाहीत, मध्ये त्याची स्वतःची जीभ असते. चावायचं तर आधी पिणं थांबवावं लागतं, जीभ मागे घ्यावी लागते आणि स्तनाग्र पुढे, हिरड्यांच्या मध्ये घसरावं लागतं. म्हणजे पिणं आणि चावणं ही दोन कामं एका वेळी होत नाहीत. त्यामुळे जो चावतो तो त्या क्षणी पीत नसतो, आणि तो का पीत नाही हे शोधलं की निम्मं काम होतं.

आता तुझी संध्याकाळ बघू. सहा वाजता त्याचं पोट भरलंय. साडेसहाला तू येतेस आणि लगेच पाजायला घेतेस, कारण गरज तुझ्या छातीला आहे. ते अगदी स्वाभाविक आहे, पण भूक त्याला नाहीये. त्याला दिवसभरानंतर आई दिसली आहे, त्याला खेळायचंय, तुझ्या चेहऱ्याकडे बघायचंय. शिवाय छाती तटतटून भरलेली असली की स्तनाग्राभोवतीचा काळा भाग कडक होतो, बाळाला तो तोंडात पुरेसा घेता येत नाही, मग ते नुसतं टोक धरतं आणि तेही निसटायला लागतं. निसटू नये म्हणून बाळ जबडा आवळतं. तिसरी गोष्ट बाटलीची. बाटलीचं दूध पहिल्या क्षणापासून येतं, तुझ्याकडे पान्हा फुटायला थोडा वेळ लागतो, आणि दमून आलेल्या, धास्तावलेल्या आईचा पान्हा आणखी उशिरा फुटतो. तेवढा धीर त्याला नसतो. बाटलीचं निपल चावून चघळायची सवय लागली असेल तर तोच प्रयोग इथेही होतो.

म्हणून माझी पहिली सूचना दातांबद्दल नाही, घड्याळाबद्दल आहे. सासूबाईंना सांग की पाचनंतर बाटली द्यायची नाही. फारच कुरकुर केली तर दोन चमचे नाचणीचं सत्त्व किंवा मऊ वरणभात चारावा. तो थोडा भुकेला असताना तुझ्याकडे आला पाहिजे. घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं नुसती मांडीवर घेऊन त्याच्याशी बोल, दिवसभराचं बघणं-हसणं होऊ दे. मग गरम पाण्यात पिळलेल्या पंच्याने छाती शेक आणि हाताने थोडं दूध काढ, काळा भाग मऊ होईल एवढंच. त्यानंतर शांत खोलीत, टीव्ही आणि फोन दोन्ही बाजूला ठेवून त्याला घे. या वयाची मुलं शेजारी चमचा पडला तरी मान वळवतात, आणि तोंडात असलेलं सगळं घेऊन वळवतात.

दुपारी ऑफिसात दूध काढता आलं तर संध्याकाळचा ठणका निम्म्याने कमी होईल. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन वेळा सवलत देण्याची तरतूद आपल्या कायद्यात १९६१ पासून आहे, आणि ती नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेशिवाय मिळायची असते. बऱ्याच नोकरदार आयांना हे ठाऊक नसतं आणि त्या कुठेतरी आडोसा शोधून घाईघाईने दूध काढतात. व्यवस्थापकांकडे लेखी मागणी कर. दार बंद होणारी खोली, खुर्ची आणि हात धुवायची सोय, एवढंच लागतं. बाटलीऐवजी बोंडलं किंवा छोटी वाटी-चमचा वापरता येईल का, तेही सासूबाईंबरोबर ठरवा. आठ महिन्यांचं बाळ वाटीने छान पितं.

त्याला तोंड लावताना थोडी काळजी घे. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं असू दे, मान वळलेली नको. नाक स्तनाग्रासमोर येईल असा धर, त्याचं डोकं किंचित मागे झुकू दे आणि त्याने मोठा आ केल्याशिवाय देऊ नकोस. हनुवटी छातीत रुतली पाहिजे. नुसतं टोक धरलं तर तसंच पिऊ देऊ नकोस, सोडव आणि पुन्हा लाव. आणि मग त्याच्याकडे बघत राहा. चावण्याआधी चिन्हं दिसतात. घुटक्यांचा आवाज थांबतो, ओढ ढिली पडते, डोळे इकडेतिकडे फिरतात, जबडा किंचित ताठतो. ते दिसलं की दात लागायची वाट न बघता काढून घे. तुझ्या स्वच्छ करंगळीचं टोक त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून दोन्ही हिरड्यांच्या मध्ये सरकव, पकड सुटते. झोपेत चावला त्या वेळी हेच झालं असणार, पिणं संपलं आणि झोपेत जबडा मिटला. रात्री तो पेंगायला लागला की लगेच सोडवत जा.

एवढं करूनही चावला तर? कितीही दुखलं तरी त्याला झटक्याने मागे ओढू नकोस. खरी जखम बहुतेक वेळा चाव्याने होत नाही, दात मिटलेले असताना ओढल्याने होते. करंगळी घाल. जमलं नाही तर त्याला क्षणभर छातीशी आणखी जवळ घे, श्वासासाठी तो स्वतःच तोंड उघडतो. सुटल्यावर ठाम पण शांत आवाजात 'नाही, आईला दुखतं' एवढंच म्हण, पदर सारखा कर आणि त्याला खाली ठेव. मिनिटभराने भूक दिसली तर पुन्हा घे. दर वेळी हेच, याच शब्दांत, आणि घरातल्या सगळ्यांनी त्यावर हसू नये. आई ओरडली की काही मुलांना गंमत वाटते आणि ती पुन्हा करून बघतात. काही मुलं उलट इतकी घाबरतात की दोन-चार दिवस छातीला तोंडच लावत नाहीत. तसं झालं तर त्याला आता नकोच आहे असं समजू नकोस. तो अर्धवट झोपेत असताना, दिवा मंद करून, उघड्या छातीशी नुसतं कवटाळून पाज आणि तोवर दूध वेळच्या वेळी काढत राहा, म्हणजे ते आटणार नाही.

आता हिरड्या. पाजण्याआधी पाच मिनिटं त्याला चावू दे, पण दुसरं काहीतरी. स्वच्छ धुतलेलं सुती फडकं ओलं करून फ्रिजमध्ये गार केलेलं, किंवा फ्रिजमधलं रबरी टीदर. फ्रीझरमधलं नको, ते फार कडक असतं. तुझ्या स्वच्छ बोटाने हिरड्या दाबून चोळल्या तरी खूप बरं वाटतं. खारीक किंवा कच्च्या गाजराचा तुकडा चघळायला देऊ नये, तुटून घशात अडकू शकतो. दुखणं फारच असलं तर पॅरासिटामॉल चालतं, पण वजनावरून मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली.

टाकणखाराबद्दल मला अगदी स्पष्ट बोलू दे. टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. आणि मध तर वर्षाच्या आतल्या मुलाला बोटभरही द्यायचा नाही. मधातल्या एका जिवाणूचे सुप्त कण बाळाच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. कडुनिंबाचंही तसंच. कडुनिंबाचं तेल पोटात जाऊन लहान मुलांना झटके येण्यापर्यंत त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि छातीला लावलेलं सगळं पोटातच जातं. हिरड्या बधिर करणारी जेलं दुकानात सहज मिळतात, तीही नकोत. बेंझोकेन असलेली जेलं दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. शिवाय जीभ बधिर झाली की बाळाला नीट पिता येत नाही, म्हणजे चावणं वाढेल. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर ताप, पातळ जुलाब, कान ओढत रडणं, हे सगळं 'दातांचं आहे' म्हणून घरात सोडून देऊ नका. दात येतात त्याच काळात मुलं सगळं तोंडात घालतात आणि त्यातून संसर्ग होतो. सर्दीने नाक चोंदलेलं बाळही श्वासासाठी पिणं थांबवून जबडा आवळतं.

तुझी जखम अजून भरली नसेल. पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे थेंब लावून वाळू दे, साबण लावू नकोस. शुद्ध लॅनोलिनचं मलम मिळतं, तेही चालतं. आधी न दुखणारी बाजू पाज. दुखऱ्या बाजूला तोंड लावणं असह्यच होत असेल तर एक-दोन दिवस तिकडचं दूध हाताने काढून वाटीने दे, पण बाजू तुंबू देऊ नकोस. दुधातून थोडं रक्त पोटात गेलं तरी बाळाला अपाय होत नाही. हेपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही असलेल्या आईने मात्र रक्त येत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये. छातीचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी पाजणं सहसा चालू ठेवता येतं आणि ठेवलेलंच बरं. चाव्याशिवायही जळजळ होत असेल आणि बाळाच्या तोंडात पुसूनही न जाणारे पांढरे डाग असतील, तर दोघांना बुरशीचं औषध लागेल.

राहिला घरातल्या तीन सल्ल्यांचा प्रश्न. तिघंही तुझ्या काळजीपोटी बोलत आहेत, म्हणून त्यांना तोडून टाकू नकोस. पण 'दात आले की दूध तोडायचं' याला आधार नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि नंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडचे सरकारी दवाखाने, आशाताई, अंगणवाडी सेविकाही तेच सांगतात. या दोन वर्षांत दात येणारच. सासूबाईंना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा आणि टाकणखाराचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे. दिवसभर बाळ त्याच सांभाळतात, त्यांना थेट उत्तर मिळणं हा त्यांचा मान आहे. घरी तू सांगितलेलं आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलून सांगितलेलं, यात फार फरक पडतो.

आईचं 'सहन कर' मला पटत नाही. तिच्या पिढीला याशिवाय कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून ती तेच देते. पण दुखणं हे काहीतरी चुकत असल्याची खूण आहे, ते दात-ओठ खाऊन भोगायचं व्रत नाही. आणि नवऱ्याला डबा आणायला लावण्याऐवजी साडेसहा ते सात ही वेळ सांभाळायला सांग. कुकर त्याने लावावा, दारावरची बेल त्याने बघावी, फोन त्याने घ्यावेत. तुला शांत खोली आणि अर्धा तास मिळाला तर डब्याची गरज बहुधा पडणार नाही.

तरीही एखाद्या आईला हे सगळं करून थांबावंसं वाटलं, तर तिने अपराधी वाटून घेऊ नये. थांबायचं की नाही हे तिने ठरवायचं, दातांनी किंवा शेजारणींनी नाही. फक्त एकदम तोडू नका. एक वेळ कमी करायची, काही दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी. एकदम तोडलं तर छातीत गाठी होतात आणि बाळही सैरभैर होतं. वर्षाच्या आत थांबवलं तर मुख्य दूध म्हणून गाई-म्हशीचं देऊ नये, बालरोगतज्ज्ञांना विचारून डब्याचं द्यावं. तू मात्र 'मला बंद करायचं नाही' असं साफ लिहिलं आहेस. तेच घरात सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने बोल, कारण ते अजून कुणी ऐकलंय असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

ज्यांच्या बाळाला अजून दातच नाहीत पण ते हिरड्यांनी जोरात दाबतं, त्यांच्यासाठीही धरण्याची पद्धत आणि करंगळीचा उपाय हाच. चार महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत पान्हा फार जोरात फुटतो का ते बघा. धार आवरत नाही म्हणून बाळ टोक आवळून धरतं. तसं असेल तर मागे रेलून, बाळाला छातीवर पालथं घेऊन पाजा. मूल वर्षाच्या पुढचं असेल तर त्याला बरंच समजतं, त्याला आधीच सांगायचं, 'मोठा आ कर, हळू पी' आणि नीट सोडलं की जवळ घेऊन शाबासकी द्यायची.

मैत्रिणी, पुढचे आठ दिवस पाजण्याच्या वेळा आणि कधी चावला एवढंच एका कागदावर लिहून ठेव. आधी बाटली किती वाजता झाली होती, तेही शेजारी लिही. संध्याकाळची बाटली मागे नेऊनही चावणं तसंच राहिलं, तर तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा ज्या रुग्णालयात बाळंत झालीस तिथल्या स्तनपान सल्लागारांकडे जा आणि बाळाला त्यांच्यासमोरच पाज. कुठे निसटतंय ते त्यांना समोर बघूनच कळेल.